मला कातडी कळते

बारा वर्षं पार्लर चालवतेय मी. बायकांच्या कातडीवरचा एकही डाग माझ्या नजरेतून सुटत नाही. वॅक्सिंगनंतर पुटकुळ्या आल्या म्हणून घाबऱ्याघुबऱ्या फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांना मी उडवूनच लावते. केस आतल्या आत वळलाय, सैल कपडे घाला, आठवड्याभरात जाईल. आणि जातंच.

त्या सोमवारी आंघोळ करताना माझ्याच जांघेत पाच पुटकुळ्या दिसल्या आणि डोकं भलतीकडेच धावलं. नवरा ट्रक चालवतो, पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो. ट्रकवाल्यांबद्दल पार्लरमध्ये काय काय बोललं जातं ते मी ऐकलेलं होतंच. आदल्या आठवड्यात मी स्वतःचं वॅक्सिंग घाईघाईत उरकलं होतं, हे मात्र साफ विसरले.

तो घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच मी सुनावलं, की तू बाहेरून रोग आणलायस. तो आधी हसला. मी हसत नाहीये हे पाहून गंभीर झाला, कुठे गेलो नाही म्हणून शपथ घ्यायला लागला.

"मला शपथा नको सांगूस," मी म्हटलं. "मला कातडी कळते."

मी त्याची उशी बाहेरच्या खोलीत नेऊन टाकली आणि बहिणीकडून वकिलाचा नंबर मागवला.

तीन दिवसांनी माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, खरं तर पुरावा आणायलाच. त्यांनी दिवा जवळ घेऊन पाहिलं आणि वॅक्सिंग कधी केलंत म्हणून विचारलं. केसांच्या मुळांना सूज आली होती, एवढंच. शंका नको म्हणून रक्तही तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायला गेले, त्यातही काही निघालं नाही.

"हेच गिऱ्हाइकाला झालं असतं तर काय सांगितलं असतंत?" त्यांनी विचारलं. मी रिपोर्ट पर्समध्ये कोंबला आणि निघाले.

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. मी रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवला आणि चूक माझी म्हणून सरळ कबूल केलं. त्याने तो वाचला, मग खिशातून स्वतःचा रिपोर्ट काढून शेजारी ठेवला. परवाच्या तारखेचा, सगळ्या तपासण्या केलेला.

"तू कशाला तपासून घेतलंस? कुठे गेला नव्हतास ना?"

"नव्हतोच गेलो," तो म्हणाला. "पण तुझी नजर कधी चुकत नाही. म्हटलं, मलाच काहीतरी आठवत नसेल."