चौकटीवरचे गाव

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कागदाचा नव्हे, चांगल्या जाड लाकडाचा. विया दे लेइवा गावातल्या एका छोट्या पाहुणघरात मी आधी कोठीचे दार होतो. वाळवीने माझा खालचा भाग खाल्ला आणि मी चुलीत जाणार, तोच घरमालक एलिसेओ यांनी मला कापून, घासून, चौकट ठोकून जेवणघराच्या भिंतीवर चढवले.

रंगवण्याचा उत्साह त्यांना दांडगा. आपले गाव त्यांनी मधोमध काढले, तेही चांगले परातीएवढे. मग राकिरा, तुन्हा, चिकिंकिरा अशी आसपासची जुनी गावे दाटीवाटीने बसवली. मोंगुईला जागाच उरली नाही. ते बिचारे चौकटीवर गेले.

त्यांची बायको ओतिलिया मक्याच्या पिठाचे हात तसेच घेऊन बघायला आली.

"वा! तुमच्या मावशीचं राकिरा बरोबर मावलं. माझ्या आईचं तेवढं कुंपणावर होय?"

"अगं, लांब आहे ते."

"लांब कसलं? पहाटे निघालं तर रात्रीच्या जेवणाला परत. पाहुण्यांना तुम्हीच सांगता ना!"

एलिसेओ ब्रश धुऊ लागले.

आमच्याकडे पाहुणे सुट्टीभर मुक्काम करत आणि रोज एखादे गाव पाहून संध्याकाळी परतत. सकाळी गरम चॉकलेटचे पेले घेऊन सगळे माझ्यापुढे जमत. "सोमवारी संग्रहालयं बंद असतात, त्या दिवशी राकिराची मडकी बघा," असे बेत एलिसेओ आखून देत. माझ्यावर गावागावाला खिळा होता. जाणाऱ्याने आमच्या खिळ्यापासून त्या गावापर्यंत लोकरीचा दोरा बांधायचा. ते दोरे पाहून ओतिलिया केळीच्या पानांत कोंबडी, बटाटे आणि मक्याची भाकरी बांधून देई. नियम एकच होता. ज्याचा दोरा त्यानेच परतल्यावर सोडायचा. तोवर त्याच्या साराचे भांडे चुलीपाशी झाकून राही. हा नकाशा म्हणजे घरचा कारभारीच, असे पाहुणे म्हणत आणि मी फुलून जाई.

माझ्या कोपऱ्यात एक निळा दोराही लटकत असे. तो ओतिलियाच्या आईच्या शालीतून उसवलेला होता. लहानपणी सोडलेल्या मोंगुईतला तिला एक दगडी पूल तेवढा आठवे. तो एकदा पाहायचा, एवढेच तिचे मागणे होते.

"ईस्टरची गर्दी ओसरू दे," एलिसेओ म्हणत. मग पतंगांच्या जत्रेचा ऑगस्ट येई. मग डिसेंबरचे दिवे. ते खोटे बोलत नव्हते हो. जवळच तर आहे, केव्हाही जाऊ, असे त्यांना मनापासून वाटे. साऱ्या जगाचे बेत आखणाऱ्या घरात दिव्याखाली अंधार होता.

एका जानेवारीत मात्र तिने निळा दोरा बांधला. नवी हॅट घातली, दोन पुडकी बांधली. इतक्यात फाटकाशी गाडी थांबली आणि भुकेलेली पोरे घेऊन एक कुटुंब उतरले.

"तू हो पुढे गं. त्यांना मी काहीतरी देतो," एलिसेओ म्हणाले.

"काय देणार? तुम्हाला अंडं तरी उकडता येतं का?" तिने हॅट काढली आणि दोरा सोडायला घेतला.

"अगं, परतल्यावर सोडायचा ना?"

"गेलेच नाही, तर परतणार कुठून?"

असे म्हणून ती हसली. ते हसू मला अजून टोचते. तिची पुडकी त्या पोरांनी खाल्ली.

त्याच वर्षी छातीच्या दुखण्याने ती गेली.

नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या. दुसऱ्या पहाटे एलिसेओंनी स्वतः कोंबडी उकडली, वेडीवाकडी दोन पुडकी बांधली आणि माझ्यावर मोंगुईपर्यंत दोन दोरे ताणले. एक त्यांचा तपकिरी, एक निळा. संध्याकाळी परतले तेव्हा एक पुडके तसेच बांधलेले होते. त्यांनी तपकिरी दोरा सोडला.

आता स्वयंपाक सांभाळणारी त्यांची भाची नुबिया म्हणाली, "मामा, निळा राहिला की."

"तो तिचा आहे. ज्याचा त्यानेच सोडायचा."

"पण मामा..."

"तिला पूल फार आवडला गं. राहू दे तिला तिथे."

मामांचे सार वाढून नुबियाने दुसरे भांडे चुलीपाशी झाकून ठेवले.

आता एलिसेओही नाहीत. पाहुण्यांना वाट फोन दाखवतो. मी मागच्या पडवीत आहे, माझ्या खिळ्यांना कुणी टोप्या अडकवते, कुणी ओले टॉवेल. रंगही उडत चालला आहे. याचे वाईट वाटते, पण तक्रार नाही.

मित्रांनो, कधी माझ्यावरची धूळ पुसायला आलात, तर त्या निळ्या दोऱ्याला तेवढा हात लावू नका. आणि तुमच्या घरी सगळ्यांचे डबे भरून देणारे कुणी असेल, तर त्या माणसाला कुठे जायचे आहे ते विचारा. ते गाव अगदी जवळ असेल, तर जास्त घाई करा.