गॅसच्या कपाटातलं भोक

फर्निचरच्या कारखान्यात त्याला सगळे 'बिनफट' म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तो ते नाव मिरवायचा. कपाटाचं दार बसवून झालं की खिशातून एक कागद काढायचा आणि दार आणि चौकट यांच्यामध्ये सरकवून बघायचा. कागद आत गेला तर दार उतरवायचं आणि पुन्हा रंधा मारायचा. गिऱ्हाईक बिचारं म्हणायचं, अहो राहू द्या, झकास झालंय. हा कसला ऐकतोय.

अशा माणसाने बावीस वर्षांची नोकरी सोडली आणि गाडी भाड्याने द्यायचा धंदा काढला. उंच छपराची एक जुनी डिलिव्हरी व्हॅन आणायची, तिच्यात पलंग, ओटा, शेगडी, कपाटं बसवायची आणि फिरायला निघालेल्यांना दोन-चार दिवसांसाठी द्यायची. लोक गाडीतच झोपतील, गाडीतच चहा करतील. एक चालली की दुसरी आणू, म्हणाला. त्याच्या बायकोला आधी हसू आलं आणि मग आठ दिवस तिची झोप उडाली. पण ती शिवणकाम करणारी बाई, हातातलं काम अर्धं टाकून उठणं तिच्या स्वभावात नाही. नवऱ्याने लाकूडकाम धरलं, तिने गाद्या, पडदे, उशा धरल्या. आठ महिने घरापुढच्या अंगणात ती गाडी ठाण मांडून होती आणि दोघांच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता.

गाडी तयार झाली तेव्हा सासूबाईंना घेऊन तिघं एक दिवस तळ्याकाठी जाऊन आली. तेवढीच चाचणी. सासूबाई दुपारी पलंगावर आडव्या झाल्या आणि थोड्या वेळाने पाय पोटाशी घेत म्हणाल्या, "अगं, पायाला कुठून तरी वारा लागतोय. याच्या कामात फट? बघ बाई, याचंही वय झालं वाटतं."

तो बाहेर टायर बघत होता, त्याने ऐकलं नाही. हिने मात्र खाली बसून शोधलं. पलंगाच्या पायथ्याशी गॅसचं कपाट होतं. सिलिंडर सरकवला तर मागे, कपाटाच्या तळाला, वाटीएवढं गोल भोक. आरपार. खालचं गवत दिसत होतं.

तिला वाईट वाटलं, अगदी आतून. हा माणूस, ज्याने आयुष्यात कागद जाईल एवढी फट ठेवली नाही, त्याच्या हातून चुकीच्या जागी भोक पडलं आणि ते लपवायला त्याने पुढे सिलिंडर ठेवला. ती असंच धरून चालली. विचारावं, असं एकदा मनात आलं. पण विचारलं तर तो सगळं कपाट उखडायला बसणार, आणि पहिलं बुकिंग तर चार दिवसांवर आलेलं. शिवाय त्याचं तोंड उतरलेलं तिला बघवत नसे. नोकरी सोडल्यापासून ते तसंही बऱ्याचदा उतरलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी तो डिझेल भरायला गेला असताना तिने काम उरकलं. फोमचा गोल तुकडा कापला, वरून जमिनीला घातलेलंच करडं रेक्झिन शिवलं, कडेने बारीक टाके घातले आणि ती गोल उशी भोकात गच्च बसवून सरसाने चिकटवली. आता तिथे भोक होतं हे खुद्द त्यालाही कळलं नसतं. सिलिंडर परत जागेवर ठेवताना तिला भारी समाधान वाटलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि नवऱ्याची बाजू सांभाळणं तिला अंगवळणी पडलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षिका आणि तिच्या दोन मुली. थोरली चौदाची, धाकटी सात-आठची. तिघींना तीन दिवस तळ्याकाठी राहायचं होतं. नवऱ्याने त्यांना दीड तास गाडी दाखवली. दारं कशी लागतात, पाणी कुठून भरायचं, गॅस कुठे बंद करायचा. भोकाबद्दल मात्र अक्षर काढलं नाही. बिनफटने आपल्या कामातलं भोक कशाला दाखवावं. शिक्षिकाबाई दोनदा म्हणाल्या, "किती नेटकं केलंय हो," तेव्हा त्याने मान खाली घालून कागद खिशात ठेवला. हिचे डोळे भरून आले. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघं फाटकात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर आला. तो कुरिअरची गाडी चालवायचा. आला तो एक लहानसं पाकीट घेऊनच. "दादा, तुझं पार्सल. सही कर आणि वहिनीला चहा टाकायला सांग."

नवऱ्याने पाकीट फोडलं. आत पितळेची गोल जाळी होती. "आली एकदाची," तो म्हणाला. "पंधरा दिवस वाट बघतोय. आता गाडी परत आली की बसवतो."

"ही कशाला?" तिने शिलाई मशीनवरून विचारलं.

"गॅसच्या कपाटाला. उंदीर-बिंदीर वर चढू नये म्हणून." तो हसला. "सबंध आयुष्यात एकच भोक मुद्दाम पाडलंय मी. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळायला लागला तर खाली साचतो. म्हणून तळाला भोक ठेवायचं, म्हणजे तो गाडीबाहेर निघून जातो. नाहीतर सगळा आतच भरेल, आणि मग कुणी काडी ओढली तर संपलंच."

ती मशीनवर बसली होती. पायाखालची पट्टी थांबली.

ती उठून न्हाणीघरात गेली, दार लावलं आणि शिक्षिकाबाईंना फोन लावला. तळ्याकडे रेंज नव्हती. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. गॅस गळत असेलच असं थोडंच आहे, तिने स्वतःला समजावलं. नवी नळी, नवा रेग्युलेटर. आपण काहीतरी निमित्त काढू, भावोजींना गाडी काढायला लावू, आपणच जाऊन ती उशी उपटून आणू, कुणाला कळणारही नाही. पुन्हा झाकाझाक. नळाखाली हात धरून ती उभी राहिली आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की ती तशीच ओल्या हातांनी बाहेर आली.

"अहो," ती म्हणाली, "ते भोक मी बुजवलंय."

त्याला आधी कळलंच नाही. मग तिने सगळं सांगितलं, फोम, रेक्झिन, सरस. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने जाळी खिशात घातली आणि भावाला म्हणाला, "गाडी काढ."

तळं अडीच तासांवर होतं. पार्सलांनी भरलेल्या त्या गाडीत तिघं पुढे दाटीवाटीने बसली. ती दर पाच मिनिटांनी फोन लावत होती. काल संध्याकाळी थंडी पडली होती, हे तिला सारखं आठवत होतं. थंडीत माणसं सगळं गच्च लावून घेतात. तिने पडदेसुद्धा जाड कापडाचे शिवले होते, वारा लागू नये म्हणून.

"वहिनी, काही होणार नाही," दीर म्हणाला.

नवऱ्याने वाटेत एकदाच तोंड उघडलं. "मला विचारलं का नाहीस?"

"तुमची चूक आहे असं वाटलं."

"मग?"

तिने पुन्हा फोन लावला. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

तळ्याकाठी झाडाखाली गाडी उभी होती. दार बंद, पडदे ओढलेले. बाहेर कोणी नाही. दिराने इंजिन बंद केलं. ती धावत सुटली. चपला कुठे सुटल्या ते तिला कळलं नाही. नवरा तिच्या पुढे होता. त्याने दारावर हात मारला, हाका मारल्या, आतून हूं की चूं नाही. त्याने दार सरकवलं.

आत कोणी नव्हतं. पण वास होता, कुजका, घशात बसणारा.

"अहो काका, तुम्ही?" मागून आवाज आला. थोरली मुलगी पाण्याकडून चालत येत होती. एका हातात भरलेली किटली, दुसऱ्या हातात लायटर. "आम्ही पोहत होतो. आईने चहा ठेवायला सांगितलाय."

नवऱ्याने तिच्या हातातून लायटर काढून घेतला. इतक्या हळू घेतला, की जणू तो तापलेला होता. मग त्याने आत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, सिलिंडर ओढून गवतावर आणला आणि कपाटात हात घालून ती उशी खेचली. सरसाने चांगलं धरलं होतं. तिसऱ्या झटक्याला ती निघाली.

शिक्षिकाबाई धाकटीला टॉवेलात गुंडाळून वर आल्या. "काय झालं? सकाळपासून वास येतोय खरा. मला वाटलं नवं लाकूड आहे, रंग-बिंग असेल."

"रेग्युलेटरचा वायसर नीट बसला नव्हता," नवरा म्हणाला. "गॅस गळत होता. माझ्याकडून राहिलं बघायचं. चूक माझी आहे, बाई."

उशी त्याने पाठीमागे धरली होती. तिने ते बघितलं. हा माणूस, ज्याने आत्ताच पोरीच्या हातातून लायटर काढून घेतला होता, तो आता तिच्यासाठी उभ्या उभ्या अर्धं खोटं बोलत होता, अगदी सहज. तेवढ्यावर भागलंही असतं. बाई मान डोलवत होत्या. परवा दुसरं बुकिंग होतं.

तिने पुढे होऊन त्याच्या हातातून उशी घेतली.

"वायसरचं खरं आहे," ती म्हणाली. "पण गळलेला गॅस बाहेर जायला यांनी खाली भोक ठेवलं होतं. ते मी बुजवलं. यांना न सांगता. ही बघा."

शिक्षिकाबाईंनी उशी हातात घेतली, उलटीपालटी केली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"काल इतकी थंडी होती," त्या म्हणाल्या. "मी खिडकी लावणारच होते. हिला गाडीत मळमळतं म्हणून रात्रभर उघडी ठेवली. नुसतं तेवढ्यासाठी." त्यांनी धाकटीला जवळ ओढलं. पोरगी तक्रार करायला लागली, पण त्यांनी सोडलं नाही. "ही तर तुम्ही चिटकवून टाकली होती."

"हो."

"मी हे लिहिणार आहे. तुमच्या बुकिंगच्या पानावर. सगळं."

"लिहा," ती म्हणाली. "लिहाच तुम्ही."

दिराने त्या तिघींना सामानासकट आपल्या गाडीतून घरी पोचवायचं कबूल केलं. थोरलीने जाताना किटलीतलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं, किटली पायरीवर नीट ठेवली आणि "थँक्यू, काका" म्हणाली. त्यावर नवऱ्याला मान वर करता आली नाही.

मग दोघंच उरली. वास जाईपर्यंत गाडी सुरू करायची नव्हती, म्हणून पायरीवर बसून राहिली. त्याने जाळी काढली आणि पेचकसाने भोकाला बसवली. पुन्हा येऊन बसला. उशी तिच्या मांडीवर होती. ती त्याने उचलली आणि कडेच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, लाकडावरून फिरवतो तसा. टाका कुठे सैल नव्हता.

"सवयीचा हात आहे," तो म्हणाला. "पहिल्यांदाच बुजवलेलं नाही हे."

त्याने उशी परत तिच्या मांडीवर ठेवली.

"अठरा वर्षांत माझं अजून काय काय झाकलंयस तू?"

शेजारच्या वकिलीणबाईंचं कपाट पावसाळ्यात फुगलं होतं आणि तिने दुसऱ्या सुताराला बोलावून ते तासून घेतलं होतं. नणंदेच्या पलंगाचा पाय निसटला होता, तोही गुपचूप बसवून घेतला होता. कारखान्यातून एकदा तक्रारीचा फोन आला होता, तो तिने त्याला दिलाच नव्हता. घरी आल्यावर तो कागद काढून दाखवायचा आणि ती म्हणायची, बघा, जात नाही आत.

"सांगितलं तर तुम्हाला सोसायचं नाही," ती म्हणाली.

"नाहीच सोसणार," तो म्हणाला. "सांग."

तिने वकिलीणबाईंच्या कपाटापासून सुरुवात केली.