चंद्रीचा जेरबंद

गुरम्माला घोडीतलं काही कळत नव्हतं. टांगा नवऱ्याचा, घोडी नवऱ्याची. तिच्या वाट्याला फक्त वैरण आणि शेण. पण गड्ड्याच्या जत्रेत सिद्धप्पाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचाही गेली, आणि सोलापूर स्टेशनवर धावणारा टांगा दारात उभा राहिला.

धाकटा दीर ईरप्पा मैंदर्गीहून मदतीला आला. पण त्याचा हात लगामाला लागला की चंद्री मान आभाळाकडे उडवायची.

"हिला काव्यावर धरतो," ईरप्पा म्हणाला. मधे उभं राहून लांब दोरीवर घोडं गोल फिरवायचं, तो कावा. त्यानं तिला जेरबंदही चढवला. तोंडापासून पुढच्या पायांमधून पोटाच्या तंगापर्यंत जाणारा चामडी पट्टा. मान वर करायची सोयच नाही. "सोमवारपतुर सुदारली तर ठीक. न्हाईतर बाजार दाखवायचा. मला माजी शेती हाय, वैनी."

बहात्तरच्या दुष्काळात माणसं रेशनची लाल मिलो ज्वारी खात होती, तेव्हा सिद्धप्पानं आपल्या ताटातली अर्धी भाकरी या घोडीला चारली होती. आता तो माणसं ओळखत होता की नाही कोण जाणे. टापा वाजल्या की मात्र त्याचे डोळे वळायचे. घोडी गेली तर तो कशाकडे बघणार, हाच गुरम्माला घोर होता.

रोज सकाळी घरामागच्या पटांगणात कावा चाले. चंद्री मान झटकायची, ईरप्पा जेरबंद एक भोक आवळायचा, मग ती जास्तच झटकायची. भिंतीच्या सावलीत सिद्धप्पाची बाज असे. त्याचा डावा हात गोधडीवर उघडमीट करत राही. झटके येतायत, असं वाटून गुरम्मा तो चोळत बसायची.

रविवारी तिचे हात पिठात होते, म्हणून दारातूनच बघत राहिली. चंद्रीची मान वर गेली, बाजेवरची मूठ मिटली. मान जराशी खाली आली, मूठ उघडली. पुढच्या फेरीलाही तसंच.

"भावजी, त्यो पट्टा सोडा. आन बाज मदी वडा. दोरी माज्याकडं द्या."

"वैनी, घोडी हाय ती, शेरडू न्हवं! फरपटत न्हील अक्कलकोटापतुर."

"न्हिऊ द्या. माहेर हाय तितं."

ईरप्पाला हसू आलं. त्यानं पट्टा सोडला. चंद्रीनं लगेच मान उडवली. दोरीनं गुरम्माचा तळवा सोलला.

"घोडीकडं बघा की, वैनी!"

"म्या ह्यांच्या हाताकडं बघतीया."

बाजेभोवती ती घोडीबरोबर फिरत राहिली. मूठ मिटली की दोरी धरायची, उघडली की सैल सोडायची. चंद्री मान उडवी तेव्हा दोरी नुसती धरलेली असे, मान जराशी झुकली की लगेच सैल पडे. हळूहळू तिची मान खाली आली. तिनं नाकातून लांब श्वास सोडला आणि तोंडातला लगाम चघळत चालू लागली.

"अण्णा, आठवडाभर पट्टा आवळतोय मी! सांगायचं की!" ईरप्पा म्हणाला आणि लगेच त्यानं जीभ चावली.

सिद्धप्पाचं अर्धं तोंड हसलं.

सोमवारी टांगा जुंपला. दोघांनी सिद्धप्पाला उचलून पुढं बसवलं, पण तो उजवीकडे कलंडत होता. ईरप्पानं खुंटीवरचा जेरबंद आणला, भावाच्या छातीवरून घेऊन बैठकीला बांधला, मग एक भोक सैल केला.

"आवळत न्हाई न्हवं, अण्णा?"

गुरम्मानं लगाम घेतला. सिद्धप्पाचा डावा हात तिच्या गुडघ्यावर होता. मूठ उघडली. तिनं लगाम सैल सोडला, आणि चंद्री स्टेशनच्या वाटेला लागली.