कासवाला सांगितलेली वाट

"एफ डी पन्नास," ओकबाई पुटपुटल्या आणि एका बोटाने, जपून, एकेक बटण दाबलं.

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या मधोमध असलेला छोटासा त्रिकोण झटकन वर सरकला. त्याच्या मागे हिरवी रेघ उमटली. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. रेघ जागच्या जागी होती. गेली एकोणतीस वर्षं त्या फळ्यावर रेघा ओढत आल्या होत्या, पण रेघेला नुसतं सांगायचं आणि तिने आपली आपण जायचं, असं कधी झालं नव्हतं.

शिपाई काशीराम दाराबाहेर चपला काढून आत आला होता. हा त्रिकोण कशाचा, असं त्याने विचारलं. पुस्तकात याला कासव म्हटलंय, असं बाईंनी सांगितल्यावर त्याने पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"कासव आसल तं आसल," तो म्हणाला, "पन ह्याचं तोंड कंच्या बाजूला हाय?"

बाईंना हसू आलं. पण पुढच्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की सगळी गोम त्या प्रश्नातच होती. तोंड कुठे आहे ते कळलं, की मग कुठे वळायचं आणि किती जायचं, एवढंच सांगायचं उरतं.

वसुंधरा ओक पनवेलच्या त्या शाळेत बासष्ट सालापासून चित्रकला शिकवत होत्या. एक्क्याण्णवच्या जूनमध्ये तळोज्याच्या एका कारखान्याने शाळेला दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर भेट दिला. मुख्याध्यापक भगवान म्हात्रे यांनी ती यंत्रं चित्रकलेच्या वर्गात ठेवली, कारण शाळेत तेवढ्या एकाच वर्गाच्या खिडक्यांना जाळी होती. विज्ञानाच्या सरांना चार दिवस मुंबईला पाठवून शिकवून आणलं. आल्यावर महिन्याभरातच त्यांना वाशीत दुसरी नोकरी लागली. मागे राहिली वर्गाची किल्ली. वर्ग ओकबाईंचा, म्हणून किल्लीही त्यांच्याकडेच आली.

त्या यंत्रांचं करायचं काय, हे कुणीच सांगितलं नव्हतं. सातवीची मुलं आठवड्यातून एकदा रांगेने येत, वहीत 'संगणक म्हणजे काय' हे फळ्यावरून उतरवून घेत आणि जाताना प्रत्येक जण एक बटण एकदा दाबून जाई. बाईंना ते बघवेना. त्या पहिल्यापासून चौकस. घरी नवा मिक्सर आला तेव्हा चटणी वाटायच्या आधी त्यांनी तो उलटा करून पाहिला होता. विज्ञानाच्या सरांनी मागे ठेवलेली एका पुस्तकाची वीस झेरॉक्स पानं त्यांनी पिशवीत घातली आणि घरी नेली. पानं इंग्रजीत होती. बाईंचे यजमान कृष्णकांत टपाल खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. दुपारची जेवणं झाली की ते डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ वाचत आणि बाई त्याचं मराठी लिहून काढत. 'कमांड' या शब्दावर दोघं दोन दिवस अडले. आज्ञा म्हणावं, असं कृष्णकांतांचं म्हणणं. बाईंना ते पटेना. शेवटी बाईंनी वहीत 'सांगणं' असं लिहिलं.

ऑगस्टपासून त्या चित्रकलेच्या तासाला सहा-सहा मुलांना यंत्रापुढे बसवू लागल्या. 'एफ डी पन्नास' म्हणजे कासव पन्नास पुढे, मग नव्वद अंश उजवीकडे, असं चारदा केलं की चौकोन. साठ मुलांनी साठ चौकोन काढले. मग घर, मग झेंडा. सप्टेंबरात वीस पानं संपली आणि बाईंजवळ मुलांना द्यायला काही उरलं नाही.

"आता तुम्हीच सांगा त्याला काहीतरी," त्या म्हणाल्या.

मग वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, प्राजक्ता, उभी राहिली आणि तिने विचारलं, "बाई, पण काय काढू?"

हा प्रश्न बाईंनी किती वेळा ऐकला असेल याला गणती नव्हती. दर वेळी त्यांच्याकडे उत्तर तयार असे. पेरूच्या फांदीवरचा पोपट काढ. तांब्या आणि दोन लिंबं काढ. एलिमेंटरीच्या परीक्षेला हेच येतं, आणि त्यांच्या शाळेचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागे. त्या निकालाचा त्यांना अभिमान होता. आज मात्र त्यांनी खडू खाली ठेवला. आपण इतक्या मुलांना काय काढायचं ते सांगितलं, पण तुला काय काढायचंय असं एकालाही कधी विचारलं नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आणि ते कळून आनंद झाला की वाईट वाटलं, हे मात्र कळलं नाही.

तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. प्रमिला देवजी वाघे. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतली. पनवेलच्या वसतिगृहात राहून शिकत होती. चित्रकलेत तिला कायम 'ठीक' शेरा मिळे, कारण तिच्या रेघा सरळ येत नसत. त्यापलीकडे बाईंना तिच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं.

"बाई," ती यंत्राकडे पाहत म्हणाली, "ह्याला आमच्या घरची वाट सांगितली तं जाईल का?"

"जाईल की. तुला येते का सांगता?"

"चालाया येती," प्रमिला म्हणाली. "सांगाया नाय येत."

मग सुट्टीत मोजून आण, असं बाईंनी तिला सांगितलं, आणि कपाटातला कोनमापक तिच्या हातात ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रमिला आली तेव्हा तिच्या वहीची मागची अकरा पानं भरलेली होती. हमरस्त्यावर एस.टी. थांबते तिथून तिने पावलं मोजायला सुरुवात केली होती. जिथे वाट वळते तिथे जमिनीवर बसून, कोनमापक मातीत ठेवून तिने कोन लिहिला होता. वाडीतल्या बायकांनी पोरीला लागीर झालं म्हणून तिच्या आईला सांगितलं. बाप, देवजी, शेवटच्या दिवशी काही न विचारता तिच्याबरोबर चालला आणि तिचा आकडा चुकू नये म्हणून वाटेत कुणाशी बोलला नाही.

ती वाट कासवाला सांगायला चित्रकलेचे तीन तास लागले. पहिल्या दिवशी कासव पडद्याच्या वरच्या कडेतून बाहेर पडलं आणि खालच्या कडेतून आत आलं. प्रमिलाचं कासव पार पुण्याला जाऊन आलं म्हणून मुलं हसली. यावर काय करावं ते बाईंना घरी जाऊनही सुचेना. रात्रीच्या पोळ्या लाटताना सुचलं, की तिच्या दहा पावलांचं कासवाचं एक पाऊल करायला हवं. दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून अकरा पानांतले पावलांचे सगळे आकडे दहाने भागले.

हळूहळू चित्र पुरं झालं. खालून निघालेली रेघ, मध्ये दाट नागमोडी. तिथे पऱ्या, म्हणजे लहानसा ओढा होता, आणि पाण्यातल्या दगडांवरून उड्या मारत जावं लागे. पुढे रेघ एका ठिकाणी अचानक उजवीकडे वळून लांबवर जात होती, मोठा वळसा घेऊन जवळजवळ होती तिथेच परत येत होती, आणि मग सरळ वाडीकडे. रेघेच्या टोकाला प्रमिलाने एक छोटा गोल काढला होता. ते तिचं घर.

बाईंनी सवयीने बोट त्या वळशावर ठेवलं. "इथे चुकलीस तू. आकडे परत बघ."

"नाय बाई. तितं तारंचं कुंपण हाय. मुंबईच्या मानसानं जागा घेतली. पयले आमी सरळ जायाचो."

बाईंनी बोट उचललं. एकोणतीस वर्षांत मुलांची वाकडी रेघ त्यांनी तशीच ठेवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ही त्यांनी ठेवली. बाकीची मुलं ती रेघ बघायला यंत्राभोवती जमली. पुढच्या आठवड्यात एकाने आपल्या आजोबांची होडी आणली, एकीने आईच्या हातावरचं गोंदण. प्राजक्ताने बरेच दिवस काहीच आणलं नाही. मग एकदा ती म्हणाली, तिला विहिरीत दगड टाकल्यावर पाणी कसं हलतं ते काढायचंय. काढता येईल का, हे बाईंना माहीत नव्हतं. तसं त्यांनी तिला सांगितलं, आणि दोघी यंत्रापुढे खुर्च्या ओढून बसल्या.

जानेवारीत कारखान्याचे साहेब भेटीला येणार होते. म्हात्रे सरांनी बाईंना बोलावून घेतलं आणि मुलांनी पडद्यावर कारखान्याचं बोधचिन्ह, म्हणजे दातेरी चक्र आणि त्यात ज्योत, काढून दाखवावं असं ठरवलं. म्हात्रे सर वाईट माणूस नव्हते. साहेब खूश झाले तर आणखी चार यंत्रं मिळतील, हे त्यांनी शाळेसाठीच मनात धरलं होतं. बाईंनी मुलांकडून चक्र बसवून घेतलं. त्यात एक यंत्र बंद पडलं, त्यामुळे दाखवायला एकच उरलं. चक्र झालं की यंत्र बंद करायचं, मग चहा, असं सरांनी बजावलं होतं.

चक्र नीट झालं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. काशीराम चहाचा ट्रे घेऊन दारात आला. ओकबाई भिंतीशी उभ्या होत्या, पाहुण्यांसमोर न विचारता त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "अजून एक आहे."

म्हात्रे सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. प्रमिलाने पुढे येऊन आपल्या वाटेला दिलेलं नाव टाइप केलं, आणि कासव हमरस्त्यावरून निघालं. साहेब आधी उभे होते, मग त्यांनी खुर्ची घेतली. पऱ्या कुठला, दगड किती, असं ते खरोखरच विचारू लागले. वळशापाशी त्यांनीही तेच विचारलं जे बाईंनी विचारलं होतं. प्रमिलाने कुंपण सांगितलं.

"मग सरळ वाट असती तर किती पावलं झाली असती?"

"साठ," प्रमिला म्हणाली. "आता पाचशे वीस व्हतात."

म्हात्रे सर खाकरले. साहेबांनी मान हलवली, छान आहे म्हणाले, घड्याळ पाहिलं आणि चहा घेतला.

चार यंत्रं मिळाली. म्हात्रे सरांनी वरच्या मजल्यावर वेगळी खोली रिकामी करवली, मुंबईहून शिकून आलेला नवा शिक्षक नेमला आणि वेळापत्रकात टायपिंग घातलं. मुलांना पुढे कामाला येईल असं शिकवायला हवं, असं त्यांनी बाईंना समजावून सांगितलं. ते रागावले नव्हते. बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली.

"त्यात कासव असेल ना, सर?"

सरांनी नव्या शिक्षकाला विचारतो म्हणून सांगितलं. पुढे बाईंनी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही. त्या वर्षीपासून त्यांच्या तासाला पोपट आणि तांब्या निम्माच वेळ असे. उरलेला वेळ कोरा कागद. एलिमेंटरीचा निकाल पंच्याऐंशीवर आला. सरांनी कारण विचारलं तेव्हा, पंधरा जणांनी दुसरंच काहीतरी काढलं, एवढंच बाईंनी सांगितलं.

पण ते नंतरचं. किल्ली देण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी प्रिंटर चालू करून प्रमिलाची वाट छापून घेतली होती. दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांब कागदावर करकर करत ती उतरली. हे घरी कुणी पाहिलंय का, असं त्यांनी प्रमिलाला विचारलं. कोणी नाही, असं ती म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ओकबाई पेणच्या एस.टी.त बसल्या. पळस्पे मागे पडलं, कर्नाळ्याचा सुळका दिसू लागला. ठरलेल्या जागी त्या उतरल्या, कडेला प्रमिलाच्या पावलांचे आकडे लिहिलेला गुंडाळलेला कागद उलगडला आणि पावलं मोजत निघाल्या. प्रमिला म्हणाली होती, मी येते न्यायला. बाईंनी नको म्हटलं होतं. कागद बरोबर आहे की नाही ते त्यांना बघायचं होतं.

पहिल्या वळणालाच गणित फसलं. बाईंची पावलं तेरा वर्षांच्या मुलीपेक्षा आखूड पडत होती. तरी वळणं अचूक होती. कागदावर रेघ जिथे वळे तिथे वाट वळे. पऱ्यापाशी त्यांनी चपला हातात घेतल्या आणि दगडांवरून जाताना प्रमिलाच्या नागमोडीतली एकेक उडी त्यांना ओळखू आली. पलीकडच्या काठावर त्या मुलीसारख्या हसल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं.

कुंपणापाशी प्रमिला आणि देवजी उभेच होते. देवजी किडकिडीत, पन्नाशीचा वाटणारा, बहुधा चाळिशीचा माणूस. त्याने हात जोडले. बाईंनी कागद त्याच्यापुढे धरला. त्याला वाचता येत नव्हतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून हे काय आहे ते त्या सांगू लागल्या. पण त्याने आधीच कागद जमिनीवर ठेवला होता आणि उकिडवा बसून खालच्या टोकावर बोट टेकवलं होतं.

"ही सडक," तो म्हणाला. बोट पुढे निघालं. "हा पऱ्या. हितं ऐनाचं झाड."

तो कुठेही अडला नाही. प्रमिला त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. कुंपणापाशी बोट थांबलं. देवजीने मान वर करून तारेकडे पाहिलं, तारेपलीकडच्या गवताकडे पाहिलं. मग वळसा जिथे सुरू होत होता तिथे अंगठ्याचं नख टेकवून त्याने ते वळसा संपतो तिथपर्यंत सरळ ओढलं.

कागदावर रेघ उमटली नाही, नुसता वळ उठला.