बोटभर जागा

"गाडी बंद कर म्हटलं ना, घनश्याम! कानात दडे बसले माह्या," गाडीखालच्या खड्ड्यातून नेमसिंग ओरडला.

वरचं इंजिन थांबलं. नेमसिंगनं फडक्याला हात पुसत वर पाहिलं, तर घनश्यामच्या चपलांशेजारी आणखी दोन पाय उभे होते. धुळीनं माखलेले पांढरे बूट.

"नेमसिंग राठोड आपणच का?" एक मुलगी वाकून विचारत होती. पंचविशीची असेल. पाठीला बॅग, हातात वही. "मी अर्पिता. पुण्याहून आले. या गाडीतलं इंजिन आमची कंपनी बनवते."

"गाडीवर तं दुसऱ्याचं नाव हाये," घनश्याम म्हणाला. मुकुटबनला त्याची शेती होती आणि हा पिकअप. स्वतःचा कापूस आणि गावाचं सोयाबीन तो त्यातूनच यवतमाळच्या बाजारात आणायचा.

"गाडी त्यांची, इंजिन आमचं. अठरा वर्षांचा करार आहे, तो मार्चमध्ये संपतोय. आता त्यांना वाटतंय, इंजिन दुसऱ्या कोणाकडून घ्यावं."

"काहून?"

"डिझेलची नळी फुटते म्हणून. जिकडेतिकडे तीच तक्रार." तिनं वही उघडली. "वणी, दारव्हा, पांढरकवडा... एकेका गाडीची नळी तीन-तीनदा बदललीय. पण लोहाऱ्यात दुरुस्त झालेली गाडी त्याच तक्रारीसाठी पुन्हा कुठेच आलेली नाही. शोरूमवाले म्हणाले, तिथे नेमसिंग आहे, त्यालाच विचारा."

मुलीच्या पाठीमागून घनश्याम नेमसिंगला मानेनं 'नको, नको' करत होता. त्याचं बरोबरच होतं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली ही टिनाची शेड सव्वीस वर्षं चालली होती, त्यात या नळीचा वाटा लहान नव्हता. आठवड्याला तीन-चार गाड्या तिच्यापायीच येत, आणि आलेल्या गाडीचं आणखी काही ना काही निघेच.

पण नेमसिंगला आठवत होतं ते पत्र. चौदा वर्षांपूर्वी तांड्यावरच्या गुरुजींकडून नीट लिहून घेऊन त्यानं दोन्ही कंपन्यांना ते धाडलं होतं. गाडीवाल्यांचं उत्तर आलं, नळी इंजिनाची आहे, त्यांना विचारा. इंजिनवाल्यांचं आलं, नळी जिथे घासते ती पट्टी गाडीची आहे, त्यांना विचारा. त्याच्या बायकोनं, रामीबाईनं, ती दोन्ही उत्तरं चुलीत घातली होती.

"चौदा वर्सं लागले तुमाले पुण्यावरून यवतमाळले याले?" तो म्हणाला.

मुलगी गोंधळली. मग त्यानं पत्राचं सांगितलं. तिनं सबब सांगितली नाही. एवढंच म्हणाली, "मी तेव्हा सातवीत होते, काका."

नेमसिंगला हसू फुटलं. पोट धरून हसला तो. घनश्यामनं कपाळाला हात लावला, कारण त्याला आता पुढचं कळलंच होतं.

"मंग या खाली. कपडे खराब होतीन बरं."

ती पायऱ्या उतरून खड्ड्यात आली. नेमसिंगनं चाकांचे दगड हलवून पाहिले, गाडी न्यूट्रलला असल्याची घनश्यामकडून खात्री करून घेतली आणि त्याला इंजिन सुरू करायला सांगितलं.

"आता एकदम दाब!"

इंजिन गुरगुरलं आणि एका अंगावर कललं. कलताना काळी नळी चेसिसच्या आडव्या पट्टीच्या धारेला अलगद शिवून परत गेली.

"पाह्यलं? रिकाम्या गाडीत एवढं. भरल्या गाडीत चढावर याच्या दुप्पट हालते. सहा महिने घासते न् मंग फुटते, भर रस्त्यात. तुमी नवी नळी टाकता, तेही तितंच घासते."

"आमच्या नकाशात ही पट्टी दाखवलेलीच नाही," ती हळूच म्हणाली. "इंजिन एकटंच असतं."

"न् त्याइच्या नकाशात नळी नसन. बोटभर जागा हाये मधात. ना तुमची, ना त्याइची."

मग त्यानं आपला उपाय दाखवला. नळीला वरून वळसा, आणि ती धरायला लोखंडी पट्टीचा वाकवलेला तुकडा, एका बोल्टवर. एवढंच. तिनं फोटो काढले, मापं घेतली, आणि वाक किती द्यायचा ते तीनदा विचारलं. नेमसिंगला ते आवडलं. एकदाच विचारून 'समजलं' म्हणणाऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता.

दुपारी रामीबाई डबा घेऊन आली. ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि ठेचा. पाहुणी जेवून, हात धुऊन फोनवर बोलायला बाहेर गेली, तशी रामीबाईनं विचारलं, "सारं सांगून देल्लं तुमी तिले?"

"सांगितलं."

"मंग आता लोक कायले येतीन?"

"क्लच जाते, बेरिंग जाते, ब्रेक जाते. अन् हा घनश्याम गाडीत दीडपट माल भरायचं सोडन असं वाटते का तुले?"

"मले कायले मधात घेता?" घनश्याम भाकर मोडत म्हणाला.

रामीबाई हसली नाही. पण उरलेली आमटी तिनं नवऱ्याच्याच ताटात वाढली.

फेब्रुवारीत अर्पितानं त्याला पुण्याला बोलावून घेतलं. लांबलचक टेबलाच्या एका बाजूला गाडीवाले बसले होते, दुसऱ्या बाजूला इंजिनवाले. नेमसिंगची खुर्ची कुठे ठेवायची ते कोणालाच सुचेना. शेवटी ती टेबलाच्या टोकाला, दोघांच्या मध्ये ठेवली. पडद्यावर आकडे येत होते, बोलणं इंग्रजीत चाललं होतं. तासाभरानं तो उठून म्हणाला, "साहेब, गाडी कुटं हाये?"

सगळे खाली कारखान्यात गेले. त्यानं पाना मागितला, बाह्या सरसावल्या आणि बारा मिनिटांत नळी वळवून दिली. एका साहेबानं विचारलं, हा तुकडा कोणाच्या खात्यात धरायचा, त्यांच्या की आमच्या? तेव्हा पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ, गाडीवाल्यांकडचे, कोरडेपणानं म्हणाले, "ते दोन्हीकडचे मिळून जेवताना ठरवा. आधी हा तुकडा बसवा."

निघताना त्यांनी नेमसिंगला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? घरून निघताना रामीबाईनं दोन-तीन गोष्टी पढवून पाठवल्या होत्या. पण ऐन वेळी त्याच्या तोंडून निघालं ते असं: "नव्या गाडीले तं तुमी लावसानच. जुन्याइले फुकट लावून द्या. झरीकडं, मारेगावकडं रस्त्यात गाडी बंद पडते तं माणूस दिवसभर उन्हात बसून राहते."

करार आणखी पाच वर्षांसाठी झाला. अर्पितानं फोनवर खरं तेच सांगितलं. "तुमच्यामुळेच झाला असं नाही म्हणणार, काका. भाव होता, बाकी पुष्कळ होतं. पण त्या दिवशी खाली गेल्यावर दोन्हीकडची माणसं पहिल्यांदा एकाच गोष्टीकडे बघत होती. आणि पाच वर्षांनंतर काय, ते मलाही माहीत नाही. कदाचित इंजिनच नसेल, बॅटरी असेल."

"तवा मी त्रेसष्टचा असन," नेमसिंग म्हणाला. "बॅटरीवाल्याइचं काई घासलं तं त्याइले बी सांगू."

उन्हाळाभर शेडसमोर रांग होती. कंपनीकडून वाकवलेल्या पट्ट्यांची खोकी येत, नेमसिंग त्या बसवून देई. पावसाळ्यात रांग आटली. पोळ्यापर्यंत नळीसाठी येणारी शेवटची गाडीही येऊन गेली. काही दुपारी त्याला नुसतं बसून राहावं लागे. पहिल्या पहिल्यांदा ते टोचलं. मग तो शेडमागे लावलेल्या भेंडीला पाणी घालायला लागला, आणि रामीबाई डबा आणण्याऐवजी दुपारी तिथेच थांबायला लागली.

दसऱ्याला घनश्यामनं नवा पिकअप घेतला. मुकुटबनला घरी पूजा होती, पण गाडी घेऊन तो आधी लोहाऱ्याला आला. "नारळ तुह्या हातानंच फोडायचा हाये. वहिनी, तुमी बी चला. जेवूनच या."

नेमसिंगनं सवयीनं बॉनेट उघडलं, वाकून इकडंतिकडं पाहिलं आणि लावून टाकलं. करण्यासारखं काही नव्हतं. हात धुऊन, धुतलेला सदरा घालून तो खिडकीशी बसला. रामीबाई मधे बसली.

आयुष्यभर तो कोणाच्याही गाडीत बसला की कान टवकारूनच बसायचा. कुठं खडखडतंय, काय सुटलंय. एसटीत बसला तरी तेच. लेकीच्या वरातीतही त्यानं मधेच ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली होती. आजही यवतमाळ सुटेपर्यंत त्यानं कान लावला. इंजिन एका सुरात चाललं होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, ऊन कोवळं होतं.

घनश्याम काहीतरी विचारत होता, सोयाबीनच्या भावाचं. उत्तर आलं नाही.

"झोपले," रामीबाई म्हणाली. नवऱ्याची मान खिडकीवर आपटू नये म्हणून तिनं मधे आपला हात ठेवला, आणि मोहदा गाव मागे पडेपर्यंत तो तसाच ठेवला.