रिकाम्या हातांनी

...टिश्यूचा डबा समोरच्या खुर्चीला अजूनही फार जवळ होता. तिने तो तिपाईच्या कडेला सरकवला, मग खिडकीत ठेवला, मग पुन्हा तिपाईवर आणला — अगदी हाताशी असला तर येणाऱ्याला वाटावं, इथे रडलंच पाहिजे; आणि लांब असला तर बिचाऱ्याने भर रडण्यातून उठून जायचं की काय... एका कागदी डब्याने आपल्याला असं नाचवावं याचं तिला हसू आलं.

भिंतीपलीकडे दाताच्या डॉक्टरांचं यंत्र सुरू झालं. ही खोली त्यांचीच. मोडक्या खुर्च्या आणि जुनी मासिकं टाकायची जागा होती ती. स्वतःचं समुपदेशन सुरू करायचंय, पण जागा नाही, असं ती एकदा बोलून गेली होती — तेही दाढ भरून घेताना, अर्ध्या बधिर तोंडाने — आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्लीच हातात ठेवली. "दुपारी कुणी फिरकत नाही तिकडे. वापरा. माझ्याकडे लोक तोंड उघडायला घाबरतात, तुमच्याकडेही घाबरतील. शेजार जमेल." मग नवऱ्याने सुट्ट्या घालवून भिंती रंगवल्या. दाराजवळ त्याच्या बोटांचे ठसे उमटून राहिलेत. पुसावेसे वाटले नाहीत तिला.

एवढं सगळं लोकांनी केलं, आता उरलं ते माझं — आणि तेच मला जमेल का?

कारण इस्पितळात ती समाजसेविका होती तेव्हा हात कधी रिकामे नसत. कुणाला चाकांची खुर्ची मिळवून दे, कुणाच्या रुसलेल्या भावाला फोन कर, कुणाच्या सोबतच्या माणसाची पाठ टेकायची सोय बघ... दुःख समोर आलं की त्याच्या हातात काहीतरी ठेवायचं, मग ते जरा शहाण्यासारखं वागायचं. पुढे तिने रीतसर समुपदेशनाचं शिक्षण घेतलं, एका जाणत्या समुपदेशक बाईंच्या नजरेखाली काम केलं, आणि अखेर नोकरी सोडली. पण इथे ठेवायला काय आहे? ना खुर्ची, ना फोन नंबर. फक्त ती.

सकाळी आत्याने फोन केला होता. "उघडलं का गं दुकान?"

"दुकान नाही आत्या ते."

"नाही तर नाही. गिऱ्हाईक आलं की फार बोलू नको म्हणजे झालं. तुला खोड आहे."

दार वाजलं.

आलेली बाई उंच होती, रुंद खांद्यांची, केस आखूड कापलेले. पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवते, एवढं फोनवर कळलं होतं. बाई खुर्चीच्या टोकावर बसली, आत्ताच उठायचं असल्यासारखी.

"मला तसं काही झालेलं नाही," बाई म्हणाली. "जेवण जातं. झोप लागते. मुलाने पिच्छाच पुरवला, म्हणून आले."

"बरं झालं आलात."

"हे गेले त्याला वर्ष होईल. सगळं सुरळीत आहे. फक्त..." बाईने खिडकीकडे पाहिलं. "पाण्यात उतरवत नाही. काठावरूनच शिकवते. पोरांना वाटतं, बाईंना सर्दी झालीय."

पलीकडचं यंत्र किंचाळलं. दोघींनी भिंतीकडे पाहिलं.

"कुणाची तरी दाढ," ती ओशाळून म्हणाली.

"म्हणजे माझ्याहून वाईट अवस्थेत कुणीतरी आहे," बाई म्हणाली, आणि पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसली.

मग बाईच म्हणाली, "पोरं गेली की मी माझ्यासाठी एक फेरी मारायचे. हे टॉवेल घेऊन काठावर बसायचे. रोज. मी म्हणायचे, अहो, टॉवेल खुंटीवरही राहतो. ऐकायचे नाहीत. डोकं वर काढलं की आधी यांचे पाय दिसायचे. आता वर आले की..."



ऐकता ऐकता तिच्या आत धावपळ उडाली — तलावावर कुणी मैत्रीण सोबत येईल का, एकट्या बायकांचा एक गट आहे त्याचा पत्ता, मुलाला जरा वेळ काढायला सांगावं — सगळी जुनी शहाणी वाक्यं रांग लावून जिभेच्या टोकाशी उभी राहिली. आणि त्यांच्यामागे, कुठून कोण जाणे, लहानपणचा एक जिना... आई कितीतरी दिवस इस्पितळात, घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण डोक्यावर हात फिरवून सांगतोय, होईल हं सगळं नीट, आणि ती त्या हातांखालून निसटून जिन्यात येऊन बसलेली; मग आत्या यायची, एक पायरी खाली बसायची, लोकरीचा गुंता सोडवत राहायची, काही म्हणजे काही बोलायची नाही — एकदाच म्हणाली होती, "मलाही भीती वाटते गं" — आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला भूक लागली होती. हे कधी सांगितलंच नाही आत्याला. मलाच कुठे ठाऊक होतं, की मी ते आजवर जपून ठेवलंय...

रांगेतली वाक्यं एकेक करून मागे फिरली.

"वर आलं की पाय दिसणार नाहीत," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाली. "तेच." मान खाली गेली, रुंद खांदे हलले, थांबले, पुन्हा हलले. समोर बसलेल्या तिने आपले हात मांडीवरच राहू दिले. ते रिकामे होते आणि, आश्चर्य म्हणजे, जड वाटत नव्हते.

निघताना बाई दारात घुटमळली. "पुढच्या आठवड्यात येईन की नाही, आत्ताच नाही सांगता यायचं."

"बरं," ती म्हणाली. यायलाच हवं, असं म्हणावं लागलं नाही याचं तिलाच नवल वाटलं.

ती खिडकीशी आली. खाली बाई रस्त्यावर पोचली होती. कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली, जणू डावीकडे वळायचं की उजवीकडे हे विसरली. एरवी ती जिना उतरून धावली असती, कुठे जायचंय, सोडू का, म्हणत... या अनोळखी बाईने, काही झालेलं नाही म्हणता म्हणता, वर्षभर कुणाला न सांगितलेलं आपल्यापुढे ठेवलं, अर्धंच, पण ठेवलं. आणि बदल्यात काही मागितलं नाही. हे कुणाचे आभार, कुणाला पोचवायचे? कुणाला तरी पोचवायला हवेत असं मात्र फार वाटत होतं.

बाई अजून कोपऱ्यावरच होती. वाहनं तिला वळसा घालून जात होती. वरून ती पाहत राहिली. आणि तिला, का कुणास ठाऊक, कसलीही घाई नव्हती.