आजीचं ताट कोण वाढायचं

आजीच्या शोकसभेत काका बोलायला उभे राहिले आणि तिसऱ्याच वाक्याला माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आई म्हणजे सगळ्यांना वाढून मग उरलंसुरलं खाणारी. कधी वर तोंड करून बोलली नाही."

कुणाची आई? माझी आजी तर ताटं मांडली की सगळ्यांत आधी बसायची. सुट्टीत मी गेले की मलाही शेजारी ओढायची. "आपलं ताट आधी वाढून घ्यायचं. एकदा उरलेलं खाल्लंस की जन्मभर तेच देतील." घासाघीस तिनं शिकवली, भांडायला तिनं शिकवलं, आणि भांडून झाल्यावर रडायचं नाही हेसुद्धा. अशा बाईची हा माणूस गरीब गाय करून टाकत होता, आणि जमलेले नातेवाईक डोळे पुसत होते!

मग काकांनी मुद्द्याला हात घातला. धाकटी बहीण आता एकटी कशी राहणार? तिनं त्यांच्याच घरी यावं. काकूचे गुडघे गेलेत, तिलाही हातभार लागेल. "आईची शिकवणच होती ती."

या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम मिळालं होतं. पन्नाशीत, आयुष्यातलं पहिलं. उद्या सकाळी हजर झाली नाही तर जागा गेली. काकांना हे पक्कं ठाऊक होतं.

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. आत्या पाहुण्यांसाठी चहा गाळत होती.

"ऐकलंस? आजीच्या नावावर धडधडीत खोटं! बाहेर चल आणि सांग, तिनं आपल्याला काय शिकवलं ते."

"आपल्याला?" आत्यानं गाळणं आपटलं. "तुम्ही दोघी ताटावर बसायचात तेव्हा गरम गरम कोण वाढत होतं गं?"

मी पुढे होऊन कपबश्या मांडायला घेतल्या.

"तुला शिकवलं तिनं. मला मागे एकदा असंच काम चालून आलं होतं. म्हणाली, माझ्याकडे कोण बघणार? संपला विषय."

आजीवर माझा जीव होता. तरी त्या क्षणी ती समोर असती, तर मी तिच्याशी कडाकडा भांडले असते.

"तुला राग नाही आला तिचा?"

"येतो की. अजून येतो. आणि तिच्यावाचून करमतही नाही. काय करू, सांग."

तेवढ्यात काका दारात आले. "चहाला किती वेळ? आणि सामान बांधून ठेव, उद्या टेम्पो पाठवतो."

"नको पाठवू, दादा. मी उद्या कामावर जाणार आहे."

"आज तरी असं बोलू नकोस. आई असती तर..."

"आई असती तर तिनं मला जाऊ दिलं नसतं," आत्या म्हणाली. "आता ती नाहीये."